वन्संचं रक्त

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, वीज, भलत्या वेळी वाजलेला फोन, डॉक्टरांनी कागद बघताना नुसतं 'हं' म्हणणं, या सगळ्यांनी माझ्या पोटात गोळा येतो. अशा बाईला नोकरी मिळावी कुठे, तर रक्त तपासायच्या लॅबमध्ये. ती माझ्या नणंदेनं मिळवून दिली. घरी बसून फुकट घाबरतेस, त्यापेक्षा इथे येऊन घाबर, पगार तरी मिळेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं, शिकवलं, माझ्याशी लग्न लावून दिलं आणि स्वतः मात्र बिनलग्नाच्या राहिल्या. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, घरात एक घाबरट आणली तेवढी पुरे, आणखी कोणाला आणून कुठे ठेवू? मला त्या भागूबाई म्हणत. भित्री भागूबाईमधली 'भित्री' त्यांनी प्रेमापोटी गाळली होती, पण ऐकणाऱ्याला ती ऐकू यायचीच.

लॅब कपडे धुण्याच्या दुकानावर होती. जिना चढताना खालून वाफेचा आणि गरम इस्त्रीचा वास यायचा, आणि वर दार उघडलं की स्पिरिटचा. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, एक लांब बाक आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. आतल्या खोलीत रुंद हाताची खुर्ची, फ्रिज, बेसिन आणि रक्त मोजायचं यंत्र. यंत्र कसलं, जुन्या रेडिओएवढा करडा डबा तो, पण सगळ्यांचा जीव त्याच्या आकड्यावर टांगलेला. मी नावं लिहून घ्यायची, आतून आलेले आकडे टाइप करायची आणि जो आकडा कमी असेल त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायची. डॉक्टर दुपारी येऊन सह्या करत. त्यांच्या अशा आणखी लॅब होत्या, त्यामुळे ते कायम निघायच्या बेतात असत.

वन्संच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. खरं तर ती लबाडी होती. दंडाला रबर बांधायचं, शीर चाचपायची, आणि सुई टोचायच्या नेमक्या क्षणी सहज विचारावं तसं विचारायचं, "निघताना घराला कुलूप लावलंत ना?" झालं. माणसाचा जीव तिथून उठून थेट घराच्या दाराशी जायचा, कडी ओढून बघायचा, आणि तो परत येईपर्यंत नळी भरलेली असायची. जुन्या पेशंटांना ही युक्ती पाठ होती, तरी ते दर वेळी फसत. मोठमोठे आडदांड पुरुष तिथे बसून डोळे मिचकावत कुलपाचा विचार करताना मी पाहिलेत. मी मात्र दाराआडून बघायचे आणि रक्त नळीत चढायला लागलं की तोंड फिरवायचे.

आता आमची रोज सकाळची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. यंत्राला रोज सकाळी आधी एक खात्रीचं रक्त दाखवावं लागतं, ज्याचा आकडा पक्का ठाऊक आहे असं. यंत्रानं तोच आकडा दाखवला तर यंत्र शुद्धीवर आहे. नाहीतर बाजूचं बटण किंचित फिरवून त्याला ताळ्यावर आणायचं. यासाठी कंपनीच्या बंद बाटल्या मिळतात, पण त्या गारच राहाव्या लागतात. आमच्याकडे त्या लांबून यायच्या आणि येईपर्यंत कोमट होऊन बिघडायच्या. मग वन्संनी तोडगा काढला. त्यांचं स्वतःचं हिमोग्लोबिन मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा मोजून आणलं, दर वेळी तेरा. म्हणून सकाळी आल्या आल्या त्या आपल्याच बोटाला टोचायच्या, बारीक नळीत थेंब ओढायच्या आणि यंत्राला द्यायच्या. त्याला त्या यंत्राची न्याहारी म्हणत. तेरा आलं की पहिल्या पेशंटला आत बोलवायचं. डॉक्टरांनी याला मान डोलावली होती. सुरुवातीला अधूनमधून हॉस्पिटलात जाऊन तो आकडा पुन्हा ताडून बघायचा रिवाज होता, पण तेरा ते तेराच येतंय म्हटल्यावर तो कधी सुटला ते कोणालाच कळलं नाही. वन्सं म्हणजे तेरा, हे आमच्याकडे ठरूनच गेलं होतं.

आमच्या पेशंटांमध्ये एक लॅटिन मास्तर होते. शाळेत जन्मभर लॅटिन शिकवलं, मग शाळेनं तो विषयच बंद केला आणि मास्तर घरी बसले. त्यांची मूत्रपिंडं दुबळी, त्यामुळे रक्त कायम कमी. दहाच्या आसपास. ते नेमानं यायचे, जिना चढून दम लागला की माझ्या बाकावर बसायचे, आणि दम परत आला की शिकवायला लागायचे. विद्यार्थी म्हणून मी एकटीच हाताशी होते.

एकदा आत नळ्यांची रांग लागलेली बघून ते म्हणाले, जुने वैद्य यालाच माणसाचा स्वभाव समजायचे. इंग्रजीत ह्यूमर म्हणजे विनोद, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ नुसती ओल. शरीरातली ओल. ती चार तऱ्हेची: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात जिचा जोर, तसा त्याचा स्वभाव. रक्ताला लॅटिनमध्ये सँग्विस म्हणतात. रक्ताचा जोर असलेला माणूस लालबुंद, हसरा, बेधडक, उद्या चांगलंच होणार असं धरून चालणारा. म्हणून इंग्रजीत अशा माणसाला अजूनही सँग्विन म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात मात्र रक्ताचा थेंबही नसतो.

एवढं सांगून त्यांनी आत बोट दाखवलं. वन्सं कोणाला तरी कुलपाबद्दल विचारत होत्या आणि हसत होत्या. त्यांचे गाल खरंच लाल असायचे, नुकतंच कोणाशी तरी भांडून आल्यासारखे.

"तो शब्द या बाईंसाठीच केलेला आहे," मास्तर म्हणाले.

मी माझा शब्द विचारला. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि सांगितलं की मी काळ्या पित्ताची. लॅटिनमध्ये आत्रा बिलिस. आत्रा म्हणजे काळं, बिलिस म्हणजे पित्त. असा माणूस भितो, त्याला झोप लागत नाही, तो कायम वाईटाची वाट बघतो. त्यावरूनही इंग्रजीत शब्द झाला होता, अॅट्राबिलियस, पण आता तो कोणी फारसा वापरत नाही. मी म्हटलं, शब्द गेला पण माल अजून शिल्लक आहे. मास्तर इतके हसले की त्यांना पुन्हा दम लागला.

मग मी विचारलं की कोणात कशाचा जोर आहे हे त्या वैद्यांना कळायचं कसं. मास्तर म्हणाले, बघून. चेहरा, डोळे, जीभ, नखं. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं?

"म्हणूनच त्यांचे पेशंट मरायचे," वन्सं आतून म्हणाल्या.

मास्तरांनी ते खुशीनं कबूल केलं. ज्याच्यात आधीच कमी, त्याचंही रक्त ते काढून टाकायचे, सगळाच आंधळा कारभार. "चुकीचंच होतं सगळं," ते म्हणाले. "पण बघायचे मात्र."

त्यानंतर किती दिवसांनी मला पहिल्यांदा खटकलं, ते आता सांगता येणार नाही. पहिल्यांदा खटकला तो बर्फ. वन्सं फ्रिजमधून बर्फाचे खडे काढून कडाकडा चावायला लागल्या. उन्हाळा नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, बरं वाटतं. मग जिन्यात त्या मध्येच थांबायला लागल्या. आधी किल्ली शोधायच्या निमित्तानं, मग चप्पल नीट करायच्या, मग निमित्त सांगायचंही सोडून दिलं. मी मागे उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघायचे. पाठ वरखाली व्हायची.

यंत्रही रुसायला लागलं होतं. पूर्वी सकाळी बटणाला हात लावायचा प्रसंग क्वचित यायचा. आता मी टेबल पुसत असताना आतून बारीकसा 'टिक' ऐकू यायचा, आणि मग वन्संचा आवाज, "हं, आलं तेरा." म्हातारं झालंय यंत्र, कमी दाखवतंय, असं त्या डॉक्टरांना सांगत. ठीक आहे, मेकॅनिकला सांगू, असं डॉक्टर म्हणत आणि निघून जात.

आणि माझी लाल पेन्सिल. तिला पूर्वी मला सारखं टोक करावं लागायचं, इतके कमी रक्ताचे लोक यायचे. एका सकाळी टेबल आवरताना ती हातात आली आणि मी बघतच राहिले. टोक तसंच होतं. शेवटचं कधी केलं ते आठवेना. लोक तर तसेच येत होते: पांढऱ्या ओठांच्या बाळंतिणी, बाकावर बसल्या बसल्या पेंगणारी माणसं. पण आतून येणारे आकडे चांगले होते. बायकांचे चौदा-पंधरा, पुरुषांचे सोळा-सतरा. डॉक्टर सह्या करताना खूश होऊन म्हणाले, गावाच्या नव्या टाकीच्या पाण्यात लोखंड आहे की काय, सगळेच सुधारले. वन्सं हसल्या. मला हसू आलं नाही. सगळं गाव एकदम बरं होतं, यावर माझा विश्वासच बसेना. मी आपली काळ्या पित्ताची.

घरी मी यांना सांगितलं. हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात; जे बंद पडलेलं नाही ते ठीक आहे, असा यांचा हिशेब. म्हणाले, ताईला काय झालंय, धडधाकट आहे, तुझं आपलं काहीतरी असतं. तरी जेवताना मी विषय काढलाच. वन्सं, तुम्ही एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवून या, असं म्हटलं. त्यांनी ताटातला घास ताटातच ठेवला. हल्ली त्यांचं जेवणही निम्म्यावर आलं होतं.

"भागूबाई, या गावात रोज सकाळी रक्त तपासून घेणारी मी एकटी आहे," त्या म्हणाल्या. "मला काही झालं तर सगळ्यांत आधी मलाच कळेल की नाही?"

हे हसले. मीसुद्धा मान हलवली. पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला सारखं वाटत राहिलं की या वाक्यात कुठेतरी भोक आहे. कुठे ते मात्र सापडत नव्हतं. लहानपणी आईचा हात सुटला की वाटायची तशी भीती होती ती, नाव गाव नसलेली.

मग मास्तर आले. बाकावर बसले ते बराच वेळ बसूनच राहिले, शिकवलं काहीच नाही. त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. वन्सं त्यांना न्यायला बाहेर आल्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात दोघं समोरासमोर उभे राहिले, तेव्हा मला दोघांचे चेहरे एकदमच दिसले. दोघांचा रंग एकच होता.

मास्तरही वन्संकडेच बघत होते. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला दिलेला शब्द आता तुम्हाला बसत नाही. चेहऱ्यावर रक्त नाही तुमच्या."

"तेरा आहे," वन्सं म्हणाल्या. "आजच सकाळी पाहिलं."

त्यांनी मास्तरांना आत नेलं. कुलपाचं विचारलं. मास्तर म्हणाले, आता घरात नेण्यासारखं आहे काय? थोड्या वेळानं आकडा आला, साडेनऊ. नेहमीपेक्षा जरासा कमी, पण घाबरण्यासारखं काही नाही, असं वन्संनी सांगितलं. मी टाइप केलं. मास्तरांनी कागद घेतला, मग आपली नखं उजेडात धरून पाहिली. कागदाकडे पाहिलं, पुन्हा नखांकडे पाहिलं.

"साडेनऊ म्हणताय, तर ठीकच असणार," असं म्हणून ते निघाले.

जिन्यात धाडकन आवाज झाला. मी जागची उठूच शकले नाही. माझे हात टेबलावर होते आणि ते टेबलालाच चिकटले होते. वन्सं धावल्या. खालच्या धुलाईच्या दुकानातली माणसं इस्त्र्या टाकून वर आली, त्यांनी मास्तरांना उचललं आणि दुकानाच्याच गाडीत, टांगलेल्या कोटांच्या खाली आडवं घालून हॉस्पिटलात नेलं. वन्सं सोबत जायला निघाल्या, पण गाडीच्या दारातच त्यांना भोवळ आली आणि त्या पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, धावले ना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुपारऐवजी सकाळीच आले. त्यांच्याबरोबर मेकॅनिक होता आणि मेकॅनिकच्या हातात बर्फाचा डबा. डॉक्टर बसले नाहीत. मास्तरांचं हिमोग्लोबिन हॉस्पिटलात सहा निघालं होतं. पोटात आतल्या आत जखम वाहत होती, कितीतरी दिवसांपासून. आपण त्यांना साडेनऊ कसं सांगितलं, एवढंच डॉक्टरांना विचारायचं होतं.

मेकॅनिकनं डब्यातून हॉस्पिटलची बंद बाटली काढली, बाटलीवर छापलेला आकडा आम्हाला दाखवला आणि ते रक्त यंत्राला दिलं. यंत्रानं साडेतीननं जास्त दाखवलं. त्यानं यंत्र उघडलं, आतला दिवा पाहिला, काच पुसली, पुन्हा लावलं. मग बटण बरंच मागे फिरवलं आणि तीच बाटली पुन्हा दिली. आता आकडा बरोबर आला. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, कोणीतरी बटण थोडं थोडं फिरवत नेलंय.

"मी," वन्सं म्हणाल्या. "यंत्र कमी दाखवत होतं."

"कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

वन्संनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. मी दारात उभी होते. घाबरणं हा माझा जन्माचा धंदा, त्यामुळे मला त्यांच्या आधी कळलं असेल, किंवा बरोबर त्याच वेळी. यंत्रानं कमी दाखवलं नव्हतं. यंत्र रोज सकाळी खरं तेच सांगत होतं, आणि रोज सकाळी त्याला गप्प केलं जात होतं. वन्संचं रक्त उतरत गेलं, तसं त्यांनी सगळ्या गावाचं चढवत नेलं. जेवतानाच्या त्या वाक्यातलं भोक हेच होतं. मी दाराची चौकट धरली.

वन्संनी आपलं टोचून टोचून घट्टे पडलेलं बोट वर करून पाहिलं. डॉक्टरांनाही कळलं. परवानगी मीच दिली होती, एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मग ते मास्तरांकडे हॉस्पिटलात गेले. जाताना वन्संना सांगून गेले की आधी स्वतःचं तपासा.

ते जाताच वन्सं कामाला लागल्या. कोणकोण येऊन गेलं ते काढ, फोन लाव, सगळ्यांना पुन्हा बोलव, ती बाळंतीण, तो पेंगणारा, आधी ते. मी म्हटलं, आधी तुम्ही. त्या म्हणाल्या, माझं काय, मी इथेच आहे. बेसिन धुतलं. नळ्या लावल्या. लावलेल्या नळ्या काढून पुन्हा लावल्या. स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि बंद केलं. मी त्यांच्या मागे मागे फिरत होते आणि त्या माझ्याकडे पाठ करत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना उगीचचं काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मी त्यांचा कोट धरला. त्या वळल्या.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

मी कितीदा हे वाक्य त्यांना ऐकवलं असेल, आणि कितीदा त्यांनी त्यावर चेष्टा केली असेल. आता मला चेष्टा सुचेना. घरात भिणारी एक असली की दुसरीनं भ्यायचं नसतं, असा आमचा न बोललेला करार होता. तो त्यांनी मोडला होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्या रुंद हाताच्या खुर्चीत वन्सं कधीच बसल्या नव्हत्या. तिच्यात त्या लहान दिसल्या.

त्यांनी टोचणी घेतली. जे त्या रोज सकाळी न बघता, गाणं गुणगुणत करायच्या, तेच आता होईना. टोचणी बोटापर्यंत जायची आणि थांबायची. ते भीतीनं की अशक्तपणानं, हे विचारायची वेळ नव्हती. मी ती त्यांच्या हातातून घेतली. आता टोचायचंही मलाच होतं. मी त्यांचं बोट धरलं. ते गार होतं, बर्फ चावून चावून त्याचा गारवा जणू बोटात उतरला होता.

"वन्सं," मी म्हटलं, "निघताना घराला कुलूप लावलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर, खरं सांगते, त्या आठवायला लागल्या. तेवढ्यात मी टोचलं.

थेंब आला. फिकट होता. मी तोंड फिरवलं नाही. नळीत कसं ओढायचं ते त्या एका एका शब्दात सांगत गेल्या आणि मी करत गेले. यंत्रावर आकडा थरथरला आणि थांबला. तो त्यांनीच वाचला, कुठल्याही पेशंटचा वाचावा तसा.

"साडेनऊ. लिही."

मी टेबलाशी जाऊन लिहिलं. लाल पेन्सिल घेतली.

"गोल नीट काढ," आतून आवाज आला. "अर्धवट काढतेस तू नेहमी."

पुढे हॉस्पिटलात त्यांच्या आतड्यात गाठ सापडली. तिथून थेंब थेंब रक्त जात होतं, त्यांच्या नकळत. ती काढली. यांनी ऑपरेशनच्या दाराबाहेर बसून आपल्या हातातला पाना कितीदा उघडला आणि मिटला, ते मी पाहिलंय. त्या दिवशी यांनी मला 'तुझं आपलं काहीतरी' म्हटलं नाही, आणि यांनी ते म्हणावं असं मला फार वाटत होतं.

चालता यायला लागल्यावर वन्संनी मला मास्तरांच्या खाटेपाशी न्यायला सांगितलं. मास्तर वरच्या मजल्यावर होते, त्यांच्या दंडात कोणा अनोळखी माणसाचं रक्त थेंब थेंब उतरत होतं. वन्संनी जे झालं ते सगळं सांगितलं, काही न वगळता. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं किती निघालं?"

"साडेनऊ."

"म्हणजे तुम्ही मला तुमचाच आकडा देत होतात," मास्तर म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. ते त्या खाटेवरून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं आधीच गेलेली होती, आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. हे त्यांनी वन्संना खूपदा सांगितलं. वन्संनी एकदाही हो म्हटलं नाही.

आता आमच्याकडे बंद बाटल्या येतात. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी बर्फाची पेटी घेतली आहे. परत बोलावलेल्या माणसांना गोल करता करता ती लाल पेन्सिल बोटात धरवेना इतकी लहान झाली आणि संपली. वन्सं कामावर परतल्या. त्या लोकांना कुलपाचं विचारतात, पण हल्ली विचारायच्या आधी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघतात. लोकांना वाटतं, बाई ओळख पटत नाही म्हणून बघतायत.

गाठ पुन्हा येऊ शकते, असं हॉस्पिटलनं सांगून ठेवलंय. म्हणून त्यांचं रक्त मी तपासते. बाटलीनं यंत्र जुळवायचं, मग वन्सं त्या खुर्चीत बसतात आणि मी टोचते. परवा बऱ्याच काळानं तेरा आलं. त्या खुशीत म्हणाल्या, बघ भागूबाई, तेरा, आता तरी हस. मी हसले नाही. त्या आकड्याची मला जेवढी भीती वाटते तेवढी सहाचीही वाटत नाही.

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर, खिडकीशी उजेडात नेलं. त्या कुरकुरत आल्या. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत पाहिलं. लाल होतं. मग दुसऱ्या डोळ्यातही पाहिलं.